उंबरठ्यावरचा ग्राहक

एका संध्याकाळी बातम्यांच्या मधोमध एक जाहिरात लागली. टीव्हीच्या वाहिन्या घरी पुरवणाऱ्या ज्या कंपनीची वर्गणी मी कित्येक वर्षे न चुकता भरत आलो आहे, त्याच कंपनीची ती जाहिरात होती आणि माझ्या घरी जो पॅक आहे नेमका तोच पॅक ती नव्या ग्राहकांना माझ्यापेक्षा बऱ्याच कमी दरात देऊ करत होती. पडद्याच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ आली आणि चष्मा शोधेपर्यंत निघूनही गेली. दुसऱ्या दिवशी ती जाहिरात पुन्हा लागली तेव्हा मी चष्मा लावूनच बसलो होतो. ओळ अशी होती : ‘विद्यमान ग्राहकांना ही योजना लागू नाही.’

‘विद्यमान’ हा शब्द एरवी मानाने वापरला जातो. विद्यमान अध्यक्ष, विद्यमान महापौर. तोच शब्द ग्राहकाच्या मागे लागला की त्याचा अर्थ ‘हा कुठे जातोय’ असा होतो.

राग ओसरल्यावर मी कंपनीच्या जागी बसून हिशेब करून पाहिला आणि मला तो, खेदाने का होईना, पटला. नवा ग्राहक मिळवायचा तर जाहिरात करावी लागते, विक्रेत्याला दलाली द्यावी लागते, घरी माणूस पाठवून डिश किंवा वायर बसवावी लागते, सेट-टॉप बॉक्स द्यावा लागतो. हा सगळा खर्च वसूल व्हायला महिनेच्या महिने लागतात. म्हणून या धंद्यात दर महिन्याला किती लोक सोडून गेले, या आकड्याकडे फार बारीक लक्ष असते. ग्राहकगळती असे त्याला म्हणता येईल. पण जो गळण्याची चिन्हेच दाखवत नाही, त्याच्यावर सवलत कशाला खर्चायची? तेव्हा सवलत मिळते ती दारातून आत येणाऱ्याला आणि दारातून बाहेर पडू पाहणाऱ्याला; घरात निमूट बसलेला माणूस त्या दोघांच्याही वाटचे भरत राहतो. बाळ रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि इथे तर नाते आईचे नसून हिशेबनिसाचे आहे. वर्षातून एकदा तरी उंबरठ्यावर जाऊन उभे राहायचे, हा माझा निश्चय त्या जाहिरातीने झाला.

ही केवळ माझी कुरकुर नाही. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामक संस्थेने फेब्रुवारी 2020 पासून असा नियमच लागू केला की, ग्राहकाचा करार संपत आला म्हणजे ब्रॉडबँड, फोन आणि टीव्हीच्या कंपन्यांनी त्याला आधी कळवायचे, करार संपल्यावर दर काय होईल ते सांगायचे आणि आपल्याकडच्या चांगल्या योजनाही दाखवायच्या. जुन्या माणसाला चांगला दर कळवण्यासाठी कंपनीला नियमाची गरज पडते, यातच सगळे आले.

उंबरठ्याकडे जाण्याआधी मी बिल वाचायला घेतले. बिल भरणे आणि बिल वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मी वर्षानुवर्षे करत होतो, दुसरी कधीच केली नव्हती. मूळ पॅकची रक्कम जाहिरातीतल्या रकमेच्या जवळपास होती. तिच्याखाली मात्र एक रांगच लागली होती : बॉक्सचे भाडे, आतल्या खोलीतल्या दुसऱ्या बॉक्सचे भाडे, अधिक स्पष्ट चित्राचे शुल्क, ‘सेवा आकार’ नावाचे काहीतरी, आणि एका क्रीडावाहिनीची वर्गणी, जी कोणत्या तरी स्पर्धेच्या वेळी एका महिन्यासाठी म्हणून घेतली होती आणि जी स्पर्धा संपल्यानंतरही घरच्या माणसासारखी राहून गेली होती. आतल्या खोलीतला टीव्ही तर मागेच बंद पडून बाहेर गेला होता. त्याचा बॉक्स कपाटावर धूळ खात होता आणि मी त्या धुळीचे दरमहा भाडे भरत होतो. जाहिरातीतला दर आणि हाती पडणारे बिल यांतली ही दरी सगळीकडची आहे. अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक संस्थेने 2024 साली केबल आणि उपग्रह टीव्हीच्या कंपन्यांना सांगितले, की जाहिरातीत आणि बिलात वाहिन्यांचा सगळा खर्च धरून एकच आकडा स्पष्ट दाखवा. तो आकडा मी माझ्यापुरता पेन्सिलने काढला. बेरीज सोपी होती, बघवत नव्हती एवढेच.

मग वही. एक महिनाभर टीव्हीशेजारी एक वही ठेवली आणि ज्याने जी वाहिनी पाहिली त्याने ती तिच्यात नोंदवावी असा घरात ठराव केला. पहिले चार दिवस सगळ्यांनी जगाचे ज्ञान वाढवणाऱ्या वाहिन्या नोंदवल्या; पाचव्या दिवसापासून वही खरे बोलू लागली. महिनाअखेरीस दोनशेहून अधिक वाहिन्यांपैकी आम्ही पाहिलेल्या वाहिन्या निघाल्या अकरा, आणि त्यांतल्या चार अशा की त्यांच्यावर कोणीतरी केवळ पुढे जाता जाता थांबले होते.

मग उरलेल्या दोनशे वाहिन्या आपल्या गळ्यात का बांधल्या जातात? याचे उत्तर चित्रपटांच्या धंद्यात सापडते. चित्रपट गठ्ठ्याने विकण्याच्या पद्धतीवर लिहिताना जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने 1963 साली ते फार सुटसुटीत मांडले होते. त्याचा हिशेब आपल्या घरात आणून बघावा. समजा, एका प्रेक्षकाला खेळांच्या वाहिनीची किंमत 8 वाटते आणि चित्रपटांच्या वाहिनीची 2. दुसऱ्याला नेमके उलटे वाटते. दोन्ही वाहिन्या सुट्या, 8 या दराने विकल्या तर प्रत्येक जण आपल्या आवडीची एकच घेईल आणि कंपनीला 16 मिळतील. दोन्हींची जुडी बांधून 10 ला विकली तर दोघेही ती घेतील आणि 20 मिळतील. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. फक्त ‘असू दे, नाहीतरी येतेच आहे’ असे जे आपण नावडत्या वाहिनीबद्दल म्हणतो, त्या ‘असू दे’चेही पैसे वसूल झाले आहेत. हे कळल्यापासून मला जुडीचा राग येत नाही, पण ‘अवघ्या थोड्या अधिक रकमेत आणखी चाळीस वाहिन्या’ हे वाक्य ऐकले की माझा हात आपोआप वहीकडे जातो.

प्रतिस्पर्धी कंपनीचा दरही मी खरोखरच विचारून ठेवला. हे महत्त्वाचे आहे. नुसती धमकी द्यायची म्हणून ‘आम्ही दुसरीकडे जातो’ म्हणणाऱ्याचा आवाज पलीकडच्या माणसाला चटकन ओळखू येतो. दिवसाला असे किती आवाज त्याच्या कानावर पडत असतील! आपल्यापुढे कागदावर आकडा असला की आवाज वेगळा लागतो. शिवाय आपला करार कधी संपतो आणि त्याआधी सोडल्यास दंड बसतो का, हेही पाहून ठेवावे, नाहीतर उंबरठ्यावर रुबाबात उभे राहायचे आणि दाराला आपल्याच सहीचे कुलूप आहे हे तिथे गेल्यावर कळायचे.

फोन मी सकाळी लावला. ध्वनिमुद्रित बाईंनी पर्याय सांगितले : नव्या जोडणीसाठी एक, बिलासाठी दोन, तक्रारीसाठी तीन, आणि असेच पुढे. पूर्वी मी बिलाचा किंवा तक्रारीचा आकडा दाबून संगीत ऐकत बसत असे. ते संगीत मला आता तोंडपाठ आहे. या वेळी ‘सेवा बंद करण्यासाठी’ हा आकडा दाबला. संगीताचे पहिले आवर्तनही पुरे झाले नाही. एका मुलीचा अत्यंत गोड, किंचित काळजीचा आवाज आला. माझे नाव घेऊन तिने विचारले, ‘सर, आपण इतकी वर्षे आमच्यासोबत आहात, मग आज असा निर्णय का घेत आहात?’ मी इतकी वर्षे त्यांच्यासोबत आहे, हे कंपनीला ठाऊक असल्याचे मला त्या क्षणी पहिल्यांदा समजले.

ज्यांच्याकडे हा आकडा दाबल्यावर फोन जातो, त्यांचे काम जाणाऱ्याला थांबवणे हेच असते आणि म्हणून साध्या ग्राहक सेवेच्या माणसाला नसलेले सवलतीचे अधिकार त्यांच्याकडे असतात. पण त्या सवलतींचा जिना असतो आणि आपल्याला पहिली पायरी दाखवली जाते. तिने आधी तीन महिने एक चित्रपटवाहिनी मोफत देऊ केली. मी वहीतले पान उघडून सांगितले, की आमच्याकडे ती कोणी पाहणार नाही. मग तिने थोडी सूट सांगितली. त्यावर मी काही बोललो नाही. हे मुद्दाम ठरवून केले होते असे म्हणायला मला आवडेल, पण खरे तर मी पेन्सिलने वजाबाकी करत होतो. त्या शांततेचा तिने भलताच अर्थ घेतला असावा, कारण ‘सर, एक मिनिट होल्ड करता का?’ म्हणून ती गेली आणि परतली ती जाहिरातीतल्या नव्या ग्राहकाच्या दराच्या अगदी जवळ येऊन.

तोवर माझ्या आवाजात ताठा होता, तो इथे जरा उतरला. दर तिने ठरवलेले नाहीत, बारीक अक्षरांची ओळ तिने लिहिलेली नाही, आणि माझ्याशी ती किती मिनिटे बोलते हेही बहुधा कुठेतरी मोजले जात असणार. तिच्यावर आवाज चढवून काय मिळणार? मी फक्त चार गोष्टी विचारल्या आणि उत्तरे वहीत उतरवली. हा दर कोणत्या तारखेपर्यंत? त्यानंतर किती? यासाठी नवा करार बांधला जाणार आहे का? हे सगळे लेखी येईल ना? तिसऱ्या प्रश्नाला ती क्षणभर अडखळली आणि ‘हो सर, बारा महिन्यांचा’ म्हणाली. विचारले नसते तर हे तिने सांगितले असते की नाही, हा प्रश्न मी वहीत लिहिला नाही. धूळ खाणारा बॉक्स परत नेण्याची नोंद तिने केली, क्रीडावाहिनी बंद केली आणि तक्रार क्रमांक दिला.

तक्रार क्रमांक अशासाठी, की चित्राचेही एक दुखणे होते. कधी चेहरे चौकोनांत फुटत, कधी वाक्य अर्ध्यावर तुटत असे. वायरीने टीव्ही घरी आणण्याचा धंदा जन्मालाच मुळी चांगल्या चित्रापायी आला. 1948 च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ऑरेगनच्या डोंगराळ भागांत अँटेनाला संकेत, म्हणजे सिग्नल, धड मिळत नसत, म्हणून उंचावर एकच मोठा अँटेना उभारून तिथून वायरी घरोघर नेल्या गेल्या. लोक पैसे देत ते अधिक वाहिन्यांसाठी नव्हे, असलेली वाहिनी नीट दिसावी म्हणून. आपण दोनशे वाहिन्यांच्या नादात ही मूळ मागणीच विसरलो आहोत, असे मला वाटते.

अर्थात प्रत्येक बिघाड कंपनीच्या माथी मारता येत नाही. डिशकडे चित्र पाठवणारा उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथून छतावरच्या डिशपर्यंत पोचणाऱ्या लहरी सुमारे 12 गिगाहर्ट्झच्या, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. मुसळधार पावसाचे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखुरतात. मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो तेव्हाही काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी केलेल्या तक्रारीला कंपनीकडेच काय, कोणाकडेच उत्तर नसते. जुन्या पद्धतीत संकेत क्षीण झाला की पडद्यावर हळूहळू मुंग्या येत आणि आपण मुंग्यांतूनही सामना पाहत असू. डिजिटल चित्राला असे मधले दुखणे नाही. ते ठणठणीत असते, आणि सीमा ओलांडली की एकदम कोसळते. म्हणून थोडासा क्षीण झालेला संकेत दिवसच्या दिवस लक्षात येत नाही.

आमच्याकडे नेमके तेच झाले होते. मागे दोनदा तंत्रज्ञ येऊन गेले होते आणि डॉक्टरला पाहून ताप उतरावा तसे दोन्ही वेळा चित्र उत्तम झाले होते. या खेपेस मी बिघडलेल्या पडद्याचे, त्यावरच्या त्रुटी क्रमांकासकट, मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते आणि त्यांच्या वेळाही लिहिल्या होत्या. आलेल्या तरुणाने फोटो शांतपणे पाहिले, बॉक्सच्या पडद्यावर संकेताची पातळी काढली, आणि बॉक्स बदलायच्या ऐवजी कपाट सरकवायला सांगितले. कपाटामागे वायरीच्या मधोमध पितळी रंगाचा, आगपेटीएवढा एक स्प्लिटर होता. एक फाटा बाहेरच्या टीव्हीकडे येत होता. दुसरा भिंतीतून आतल्या खोलीत, आता नसलेल्या टीव्हीकडे जात होता. ‘पलीकडे कोणी नसले तरी हा अर्धा वाटा तिकडे पाठवतोच,’ तो म्हणाला. ‘आणि आतल्या आत थोडा खातो ते वेगळेच.’ त्याने स्प्लिटर काढला, वायरीची टोके सरळ जोडली, कनेक्टर बोटांनी घट्ट पिळला. पातळीचा पट्टा लाल रंगातून हिरव्यात गेला. सगळे काम सहा-सात मिनिटांचे होते. म्हणजे न पाहिलेल्या टीव्हीचे भाडे मी भरत होतो आणि पाहिलेल्या टीव्हीचे चित्रही त्यालाच अर्धे देत होतो.

नवा दर लेखी आला तो त्याच संध्याकाळी. त्यातल्या तारखा वहीशी ताडून पाहिल्या, जुळल्या. त्यामागोमाग आणखी एक संदेश आला : आमच्या सेवेला एक ते पाच यांपैकी किती गुण द्याल? विचारते कंपनी, पण असे गुण बहुतेकदा फोनवर बोललेल्या माणसाच्या खात्यावर जमा होतात. कंपनीला मी दोन दिले असते. त्या मुलीला पाच दिले, आणि वहीच्या शेवटच्या पानावर, करार संपायच्या तीन आठवडे आधीची तारीख लिहून तिच्यापुढे लिहिले : सकाळी फोन, सेवा बंद करण्याचा आकडा.