तुम्ही विचारलंत म्हणून: एक रुपया भाड्याची जागा

"मॅडम, कार्पोरेशनची जागा संस्थेला एक रुपया भाड्यानं मिळते म्हणतात. आम्हाले मिळंन का?"

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, कोर्टाच्या कँटीनमध्ये विचारला गेलाय आणि एकदा दाताच्या डॉक्टरकडे, माझं तोंड उघडं असताना, खुद्द डॉक्टरांनी विचारलाय. मी संस्थांचे कागद करते. न्यास नोंदणी, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, हिशेबपत्रकं, आणि कुणाचं घोडं कुठे अडलं असेल तर ते सोडवणं. त्यामुळे नागपुरात कुणाला समाजसेवेची उबळ आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझा फोन वाजतो.

विचारणारी माणसं बहुतेक भली असतात. कुणाला पोरांसाठी अभ्यासिका काढायची असते, कुणाला ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. पटसंख्येअभावी बंद पडलेली मनपाची शाळा त्यांच्या रोजच्या रस्त्यावर असते. खिडक्यांची तावदानं फुटलेली, मैदानात गाजरगवत. ते बघून कुणाचाही जीव तुटेल. म्हणून एकदा सविस्तरच लिहिते. जागा मिळते. एक रुपयात मिळणं आता अवघड आहे. आणि मिळाली तरी तीस वर्षांसाठी मागू नका.

आधी जागा कुणाची ते बघा. नागपुरात ही मोठीच भानगड आहे. "सरकारी जागा आहे" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी विचारते, कोणतं सरकार? जागा महापालिकेची असेल, नाहीतर 1936 च्या कायद्यानं जन्मलेल्या नागपूर सुधार प्रन्यासची, नाहीतर नझूलची, म्हणजे कलेक्टर कचेरीच्या अखत्यारीतली. नासुप्रच्या ले-आऊटमध्ये सार्वजनिक उपयोगासाठी राखलेले भूखंड असतात, त्यांना इथे सगळे 'पीयू लँड' म्हणजे पब्लिक युटिलिटी लँड म्हणतात. त्यांच्या वाटपाला 1983 चे वेगळे नियम आणि सहसा 30 वर्षांचा भाडेपट्टा. मध्यंतरी नासुप्र बरखास्त करायचा निर्णय झाला, मग तो फिरला, आणि या काळात ज्यांच्या फायली नासुप्रच्या सदरमधल्या कचेरीत होत्या त्यांनी किती चपला झिजवल्या ते त्यांनाच विचारा. तेव्हा अर्ज लिहिण्याआधी आखीव पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकी उतारा, किंवा सातबारा काढा, वरचं नाव वाचा. नगरसेवकानं किंवा शेजारच्या पानठेलेवाल्यानं सांगितलेल्या मालकाचं नाव नको.

मी पुढे फक्त महापालिकेबद्दल बोलते, कारण बंद शाळा आणि समाजभवनं तिचीच जास्त.

पूर्वी नागपूरला 1948 चा स्वतःचा वेगळा कायदा होता. 2012 पासून राज्यातल्या इतर महापालिकांसारखाच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम इथेही लागू आहे. त्यातलं कलम 79 तुमच्या कामाचं. थोड्या मुदतीसाठी जागा देणं आयुक्तांच्या हातात, लांब मुदतीचं प्रकरण सभागृहापुढे, म्हणजे नगरसेवकांच्या सभेपुढे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा हे दोन्ही अधिकार एकाच टेबलावर गेले. पण त्याच कलमात एक ओळ आहे आणि ती वाचली की एक रुपयाची गोष्ट लंगडी पडते. पालिकेची स्थावर मालमत्ता विकताना किंवा भाड्यानं देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये. 2019 साली शासनानं भाडेपट्टा नूतनीकरणाचे नियम आणले, त्यात वार्षिक भाडं बाजारमूल्याच्या किमान 8 टक्के धरलं. समजा तुमच्या वस्तीतल्या जुन्या समाजभवनाची किंमत एक कोट निघाली. वर्षाला 8 लाख, महिन्याला 66 हजारांच्या वर. फुकट शिकवणी वर्ग चालवणारी संस्था हे पैसे आणणार कुठून? राज्यभर ओरड झाली, त्यात दुकानांचे गाळेधारक सगळ्यात पुढे होते, आणि पुढे दर खाली आले. पण मूळ तत्त्व जागेवर आहे: सवलत हा अपवाद, आणि अपवादाला कारण लिहावं लागतं.

"पण अमक्या संस्थेला तर दिली ना!" हो, दिली. जुन्या काळी एका अर्जावर आणि एका ठरावावर जागा दिल्या गेल्या. आता तसं करायला अधिकारी कचरतात आणि त्याला कारण आहे. भाजपचे नेते कुशाभाऊ ठाकरे यांच्या नावाच्या न्यासाला भोपाळमध्ये 20 एकर जमीन दिली गेली होती. जाहिरात नाही, इतर कुणाला संधी नाही, न्यासाचा अर्ज आला आणि जमीन दिली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द केलं. संस्था चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. सार्वजनिक मालमत्ता कुणाला द्यायची याचं धोरण जाहीर असलं पाहिजे आणि बाकीच्या पात्र संस्थांनाही कळलं पाहिजे, एवढंच न्यायालयाचं म्हणणं. म्हणून तुमच्या अर्जावर पालिकेनं जाहिरात काढून इतरांनाही बोलावलं तर रागावू नका. तुमच्याच फायद्याचं आहे ते. जाहिरात न काढता मिळालेली जागा उद्या कुणीही एक याचिका टाकून हलवू शकतो.

आता तीस वर्षांचं.

पूर्व नागपुरातल्या एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं होतं. नाव सांगत नाही. जुने विश्वस्त गेले, नवे आले, त्यांना कागद सरळ करून हवे होते. पालिकेच्या इमारतीत दोन खोल्या आणि एक हॉल, बाहेर पाटी 'महिला शिवणकाम प्रशिक्षण केंद्र'. आत गेले तर पहिल्या खोलीत चार शिलाई मशीन चादरीखाली झाकलेल्या. हॉलमध्ये बिछायतवाल्याचं सामान: छतापर्यंत रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, गुंडाळलेले गालिचे, पालथ्या घातलेल्या मोठ्या कढया, आणि एका कोपऱ्यात वरमाला घालायच्या वेळचा फिरता स्टेज. मला अशा ठिकाणी एक सवय आहे, मी आधी विजेचं मीटर बघते. पाटी कुणीही रंगवतो, बिल ज्याच्या नावावर येतं तो खरा भोगवटादार. मीटर बिछायतवाल्याच्या नावावर होतं.

अध्यक्ष जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "मॅडम, बायाच येत नाही शिकायले आता. मंग जागा खाली ठेवू काय?"

हिशेब बघितला तर बिछायतवाल्याकडून आलेला पैसा 'देणगी' म्हणून जमेला, आणि त्यातून दरवर्षी गणवेश वाटप, रक्तदान शिबिर, हळदीकुंकू. कुणी खिशात घातलेला नव्हता. मला हेच जास्त त्रासदायक वाटतं, कारण चोरी असती तर पकडता आली असती. इथे सगळे आपापल्या जागी प्रामाणिक, आणि समोरच्याच गल्लीत एक बाई पाळणाघरासाठी दोन खोल्यांचं भाडं भरत होती, तिला हा हॉल कधी कुणी दाखवलाच नव्हता. करसवलतही गोत्यात आली होती. धर्मादाय कामासाठी वापरलेल्या इमारतीला सामान्य करात सूट असते, पण तिथे धंदा चालत असेल किंवा भाडं खाल्लं जात असेल तर ती सूट मागायला तोंड राहत नाही.

पट्ट्याचा कागद मागितला तेव्हा त्यांनी कपाटातून काय काढलं? सभागृहाच्या ठरावाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स. करार नाही, नोंदणी नाही. एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी लागते हे 1908 च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. अशा संस्था नागपुरात एक-दोन नाहीत. ठराव झाला, किल्ली मिळाली, पेढे वाटले, संपलं.

हे बघून माझं मत पक्कं झालंय. पहिल्या खेपेला तीन वर्षं मागा, आणि तीही लीव्ह अँड लायसन्सनं. पट्ट्यानं जागेत हक्क तयार होतो, लायसन्सनं फक्त वापरायची परवानगी मिळते. सगळे वकील उलटं सांगतील, आणि अशिलाच्या फायद्याचं तेच आहे हे मलाही ठाऊक आहे. पण मुदत जेवढी लांब तेवढे विश्वस्त मालकासारखे वागायला लागतात. अध्यक्षाचा मुलगा उपाध्यक्ष होतो, मग हॉलला आजोबांचं नाव लागतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. तीन वर्षांच्या भरवशावर छत कोण दुरुस्त करेल? सीएसआरवाले, म्हणजे समाजकामाला निधी देणाऱ्या कंपन्या, पैसे द्यायला तयार होतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतात. त्यावर उपाय करारातच करावा लागतो. कोणती दुरुस्ती संस्था करेल, तिचा खर्च कसा मोजला जाईल, नूतनीकरण कशावर ठरेल हे आधी लिहून घ्या. 'सामाजिक उपक्रम' असं मोघम लिहू नका. 'सकाळी सात ते रात्री दहा अभ्यासिका, इतकी आसनं, इतकी फी, पोटभाडेकरू नाही' असं लिहा. पालिकेनं वर्षातून एकदा न कळवता येऊन बघावं हेही तुम्हीच लिहून द्या. संस्थांना हे सुचवलं की त्या माझ्याकडे संशयानं बघतात.

आणि जागा ताब्यात घेतल्याशिवाय काम होत नाही असं थोडंच आहे? नागपुरातच मनपाच्या इंग्रजी माध्यमाच्या काही शाळा आकांक्षा फाउंडेशनबरोबर चालतात. शाळा मनपाचीच राहते, शिकवण्याची बाजू संस्था बघते. तुमचं काम शिकवण्याचं असेल तर इमारतीची हाव कशाला?

एवढं वाचूनही अर्ज करायचाच असेल तर न्यासाचं नोंदणीपत्र, परिशिष्ट एकचा ताजा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, जागा मागण्याचा विश्वस्त मंडळाचा ठराव, आणि कोणतं काम किती लोकांसाठी करणार याचं एक पान. बदल अर्ज लटकलेला असेल तर आधी तो निकाली काढा, नाहीतर सही कुणाची चालेल यावरच फाईल थांबते. अर्ज मनपाच्या झोन कार्यालयात द्या, प्रत स्थावर विभागाला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर तिथेच बसा, येतात ते.