ड्रायव्हर स्वीकारला, पण रीसेट वगळून

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांवर लक्ष ठेवणारी छोटी संगणकपेटी आम्ही बनवतो. तिच्यातील पीसीआय एक्स्प्रेस या अंतर्गत जोडणीवर चालणाऱ्या एलटीई (4जी) मॉडेमचा मी लिहिलेला नियंत्रण-ड्रायव्हर (मॉडेम हाताळणारा सॉफ्टवेअरचा भाग) लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, स्वीकारला गेल्याचे नुकतेच कळले. आनंद मोठा आहे. पण त्यासाठी जी एक सोय काढावी लागली, तिचा विचार अजून पाठ सोडत नाही.

सिमचा पिन, नेटवर्कवरील नोंदणी, जोडणी सुरू किंवा बंद करणे, ही सारी कामे मॉडेमच्या नियंत्रण वाहिनीवरून एटी, क्यूएमआय किंवा एमबीआयएम भाषेत होतात. पीसीआयवरील मॉडेमांसाठी पूर्वी प्रत्येक उत्पादक स्वतःची वेगळी डिव्हाइस फाइल (जिच्यातून प्रोग्राम उपकरणाशी बोलतात) काढत असे. 2021 मध्ये कर्नलच्या 5.13 आवृत्तीत डब्ल्यूवॅन ही सामाईक चौकट आली. आता ड्रायव्हरने पोर्ट, म्हणजे अशी एक नियंत्रण वाहिनी, नोंदवला की फाइल चौकटच तयार करते आणि मॉडेममॅनेजर हा मॉडेम सांभाळणारा प्रोग्राम तो पोर्ट ओळखतो. आमच्या मॉडेमच्या उत्पादकाने मात्र जुन्या कर्नलपुरता ड्रायव्हर झिप करून दिला आणि हात झटकले. असा माल ग्राहकाच्या गळ्यात मारणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

कर्नलसाठीचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, ईमेलमध्ये साध्या मजकुराच्या रूपातच पाठवावा लागतो, आणि नेटवर्क विभागात फंक्शनमधील चलांच्या घोषणाही लांब ओळीकडून आखूड ओळीकडे लावाव्या लागतात. त्यात वेळ गेला, पण खरा कस लागला तो मॉडेम अचानक नाहीसा होण्याच्या प्रसंगात. एखादी प्रक्रिया पोर्ट वाचत असतानाच मॉडेम गेला, तर चौकट आतली फंक्शने काढून घेते, थांबलेल्या वाचकाला जागे करते आणि त्रुटी परत देते. तिच्याआधीचे काम ड्रायव्हरचे: नवे लेखन नाकारायचे, इंटरप्ट (मॉडेमकडून येणारी सूचना) बंद करून ती हाताळणारे चालू फंक्शन, म्हणजे हँडलर, संपेपर्यंत थांबायचे, डीएमए (मॉडेमने थेट स्मृतीत लिहिणे-वाचणे) थांबवून त्यासाठी रांगेत (रिंगमध्ये) दिलेले बफर परत घ्यायचे, आणि त्यानंतरच पोर्ट काढायचा. हँडलर चालू असताना पोर्ट काढला, तर आलेला डेटा मोकळ्या झालेल्या स्मृतीत शिरतो आणि सारा कर्नल कोसळू शकतो. स्मृतीच्या चुका पकडणारे कर्नलचे केसॅन साधन चालू ठेवून, सतत वाचन-लेखन चालू असताना मॉडेम पुन्हा पुन्हा काढून मी हा क्रम पक्का केला. ड्रायव्हरचा हा भाग कोणालाही दाखवायला मला अभिमान वाटतो.

काढावा लागला तो अडकलेल्या मॉडेमला रीसेट करणारा आयओसीटीएल, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला द्यायचा खास आदेश. वापरकर्त्यांना एकदा दिलेला इंटरफेस कर्नलला परत घेता येत नाही, त्यामुळे एकाच उत्पादनापुरता असा मार्ग नको, असे कर्नलचा तो विभाग सांभाळणाऱ्या मेंटेनरांचे म्हणणे पडले. ते मला पटते. मात्र कारखान्यात रात्रपाळीला असलेल्या आमच्या तंत्रज्ञाने फोनवर विचारले, ‘‘सर, मग आता मॉडेम अडकलं तर काय करायचं?’’ तेव्हा माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. सिसएफएस या कर्नलच्या फाइलींमधून उपकरण काढून पुन्हा शोधता येते, पण त्याने मॉडेमचा वीजपुरवठा तुटत नाही आणि अडकलेले फर्मवेअर तसेच राहते.

पुढच्या बोर्डवर मॉडेमची पॉवर-ऑफ पिन जीपीआयओला (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या पिनला) जोडली आहे. आधी बसवलेल्या पेट्यांमध्ये ती जोडणी नाही. त्यांच्यासाठी तो आयओसीटीएल वेगळ्या पॅचमध्ये ठेवला आहे आणि प्रत्येक नव्या कर्नलवर मला तो पुन्हा बसवावा लागणार आहे.