मे महिन्यात सातपुड्याच्या फेरीसाठी जादा डिझेल नेताना

जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादामार्गे आम्ही मे महिन्यात तोरणमाळला गेलो आणि नंतर म्हसावद, धडगाव, मोलगी व देवगोई घाट असा फेरा करून अक्कलकुव्यास उतरलो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर इंधनाची चिंता नसते. मात्र सातपुड्यात शिरल्यावर गाडी सतत खालच्या गिअरमध्ये चालते आणि सपाटीवर लिटरला १५ किलोमीटर देणारी आमची गाडी घाटात १०-११ वर आली. म्हणून शहाद्यालाच टाकी भरून घ्यावी, पण पंपाचे नोझल आपोआप बंद होताच थांबावे, कारण उन्हात फुगणाऱ्या इंधनाला टाकीत जागा लागते.

दुसरी टाकी जोडून देणारे कारागीर भेटतात, परंतु तो मार्ग मला मुळीच मान्य नाही. नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे, आणि नळीचा एखादा सैल जोड गरम सायलेन्सरजवळ आल्यास काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आम्ही २० लिटरचा एकच पोलादी जेरीकॅन घेतला आणि तो १८ लिटरपर्यंतच भरला. डिझेल सहजी पेटत नाही, हा समज खानदेशच्या उन्हाळ्यात घातक आहे. ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्याची किमान मर्यादा भारतीय मानकात ३५ अंश सेल्सिअस आहे आणि मे महिन्यात येथे पारा ४४-४५ पर्यंत चढतो. उन्हात उभ्या बंद गाडीत तो त्याहून वर जातो. पेट्रोलची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही पेटते व हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी साचते, त्यामुळे पेट्रोलचा कॅन माणसे बसतात तेथे कधीही ठेवू नये.

कॅन भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले असावे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. टपावरच्या कॅरिअरवर तो बांधला तर वळणांवर गाडीचा तोल बिघडतो. आम्ही तो मागच्या आसनामागे उभा, पट्ट्याने आवळून, सावलीच्या बाजूस ठेवला आणि काचा थोड्या उघड्या राखल्या. टाकीत जागा होताच धडगावपूर्वीच, इंजिन बंद करून व थंड होऊ देऊन, जाळीच्या नरसाळ्याने ते डिझेल टाकीत ओतले. रिकाम्या कॅनमध्ये वाफ उरते, तेव्हा त्याचे झाकण घट्ट लावून तोही तितक्याच काळजीने परत आणावा.