तीन होलचं मैदान: आखाजी ते दसरा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात दीड एकरात गोल्फचे तीन छोटे होल आहेत. यंदाचं मोठं काम एकच होतं: एक नंबरचं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा, उकरून नव्याने बांधणं. बाकी किरकोळ.

चूक माझीच. पहिल्या वर्षी काळ्या मातीवर जेमतेम चार इंच वाळू पसरून हरळी लावली होती. पावसाळ्यात पाणी खाली जाईना, आठ-आठ दिवस पाय टाकला की पचक. एप्रिलात उलटी तऱ्हा. माती आकसली आणि वाळूसकट फाटली. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, आमच्या भेगा त्याहून रुंद. तीन चेंडू गेले, सळईने उकरून एकच हाती लागला. भेगेत गेला तर दंड नाही, असा घरचा नियम करावा लागला.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नवा सालदार लागला. पावसाच्या तोंडावर त्याला बांधावरची बारीक पानाची हरळी निवडून पोत्यात भरायला सांगितली, तर तो बघतच राहिला. "भाऊ, दुन्या हरळी काढाले मजूर लावस, अन तुम्ही लावाले लावतस!" त्याचं खरंच आहे. कपाशीत हिच्यापायी आमच्या आजोबांनी उन्हाळेच्या उन्हाळे कुदळ चालवली. पण गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती हीच. ग्रीनसाठी टिफड्वार्फसारखे बुटके संकर असतात. ते आणून जगवायची हिंमत यंदा झाली नाही.

खोदाई सोळा इंच. तळाला उतार, चरांमध्ये छिद्रांचे पाईप, त्यावर चार इंच खडी आणि वर बारा इंच वाळू. ग्रीन २० बाय २५ फूट, म्हणजे नुसती वाळूच पाच ब्रास. इथे खिसा दुखतो, म्हणून क्रशरची वाळू घ्यायचा मोह होतो. मलाही झाला. घेण्याआधी दोन काचेच्या बरण्यांत दोन्ही वाळू पाण्यात हलवून रात्रभर ठेवल्या. सकाळी नदीच्या वाळूवरचं पाणी जवळपास नितळ. क्रशरच्या बरणीत वर पाव इंच राखाडी साय. ती सायच पुढे पाणी अडवते. दाणा मुख्यतः पाव ते एक मिलिमीटरचा हवा, म्हणून नदीचीही दोनदा चाळली. नुसत्या वाळूत ओल टिकत नाही, तेव्हा दहाला एक या मापाने कोकोपीट मिसळलं. शेणखत मुद्दाम टाळलं, गेल्या वेळी त्यातून गाजरगवत घरात घेतलं होतं.

जूनअखेर कांड्या लावल्या, पोळ्यापर्यंत जमीन झाकली गेली. मधे लव्हाळा आलाच. तो ओढू नका, गाठ खाली राहते. खुरप्याने खोलवर काढा. भाद्रपदात पानं पिवळी पडली. विहिरीचं पाणी चुनखडीचं, त्यामुळे लोह जमिनीत असून मुळांना मिळत नाही. हिराकस लिटरला ५ ग्रॅम फवारलं आणि चार दिवसांत रंग फिरला. ओट्यावर सांडलेल्याचे तांबडे डाग मात्र निघत नाहीत. आईची बोलणी चालू आहेत.

गवत कापायच्या यंत्राची पाती उलटी फिरवत व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून घासली. वर्तमानपत्राचा तुकडा सरळ कापला गेला, तेव्हा थांबलो. सध्या ६ मिलिमीटरवर कापतो. त्याखाली ही देशी हरळी टक्कल दाखवते.

ग्रीनवर चेंडू किती लांब घरंगळतो ते मोजायला एडवर्ड स्टिम्पसनने १९३५ मध्ये काढलेल्या स्टिम्पमीटरची नक्कल स्लायडिंग खिडकीच्या चॅनेलपासून केली आहे. खाचेचा कोन १४५ अंश नेमका जमला नाही, म्हणून माझे आकडे माझ्याच जुन्या आकड्यांशी ताडायचे. दसऱ्याच्या सकाळी तीन चेंडू एकीकडून, तीन उलट दिशेने सोडले. सरासरी ६ फूट ९ इंच. जुन्या ग्रीनवर ४ फूट २ इंच होती. टीव्हीवरच्या स्पर्धांत दहा-बारा फूट असतात. ते त्यांना लखलाभ.

कप, म्हणजे भोकात बसवायची नळी, ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाईपचा कापला आहे. होलचा व्यास १०८ हवा, पाईप आतून त्याहून कमी भरतो. पट (ग्रीनवरून भोकाकडे मारलेला हलका फटका) चुकला की आता सगळे पाईपलाच शिव्या घालतात.

तीन नंबरला गवत राखायचा नाद सोडला. होळीनंतर विहीर तळ गाठते, दोनच ग्रीन ओली ठेवता येतील. तिथे ब्राऊन केलं, नुसत्या वाळूचं. वाळू बसावी म्हणून तेल टाकतात, गॅरेजवाला जुनं इंजिन ऑइल फुकट देतोय; पण विहीर साठ पावलांवर, म्हणून नको म्हटलं. खेळून झालं की फळीने ओढून घ्यायचं.

दिवाळीआधी दोन नंबरला अर्ध्या इंची पाईपच्या नळीने भोकं पाडून वाळू भरायची आहे. थंडी पडली की हरळी झोपते, मग भोकं बुजत नाहीत. काल रात्री रानडुकरांनी त्याच ग्रीनचा एक कोपरा उकरला, तेवढी भोकं वाचली.