खोकला कधीपासून आहे? कॅलेंडर बघून सांगते

आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, खोकला थांबला एकदाचा. मागच्या शुक्रवारी रात्री अडीचला मी पाणी प्यायला उठले तर त्यांच्या खोलीतून काहीच आवाज नाही, मग दारात उभी राहून श्वास चालू आहे ना ते बघितलं, इतकी त्या आवाजाची सवय झाली होती घराला. त्या शांत झोपल्या होत्या. साडेतीन महिने कारण सापडायला गेले आणि पुढचा महिनाभर खोकला जायला, आणि कारण काय निघालं तर आमच्याच फ्रिजवरच्या डब्यातली एक गोळी. म्हणून हे सगळं लिहितेय, कुणाच्या तरी घरात आत्ता असाच खोकला चालू असेल.

सुरुवात झाली दसऱ्याच्या आसपास. कोरडा खोकला, कफ नाही, ताप नाही, घशात कायम काहीतरी टोचल्यासारखं, "केस अडकलाय बघ घशात" असं त्या म्हणायच्या. एकदा ढास लागली की दहा-दहा मिनिटं थांबायची नाही, डोळ्यातून पाणी यायचं. आम्ही आधी हळद-दूध, मग ज्येष्ठमध, आल्याचा रस आणि मध, सगळं केलं. सांगलीत राहून हळदीवर विश्वास नाही असं कसं होईल, आमच्या माहेरी तर हळद शिजवायची काहील चुलीवर चढायची तेव्हा सगळ्या अंगणाला तो वास असायचा. मधाने तेवढ्यापुरता घसा मऊ व्हायचा, अर्ध्या तासाने परत सुरू.

मग आपल्याकडे जे सगळेच म्हणतात ते आम्हीही म्हणालो की कारखाने सुरू झालेत, ऊस जाळतात, पाचट पेटवतात, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी येऊन पडते, त्याचाच त्रास. खोटं नाही ते, धुराने खोकला वाढतोच. पण नंतर कळलं की आम्ही वाढवणारी गोष्ट आणि मूळ गोष्ट यात घोळ केला होता. धूर, धूळ, उदबत्ती, फोडणीचा ठसका, थंड हवा, यांनी आधीच चिडलेला घसा अजून चिडतो. तो मुळात चिडला कशाने हा प्रश्न आम्ही तीन महिने विचारलाच नाही.

जवळच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सिरप दिलं. परत गेलो, अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्यांदा गेलो, दुसरं अँटिबायोटिक, आणि दुसरं सिरप जे घेतलं की आई दिवसभर पेंगायच्या. माझा राग अजून गेलेला नाही. एवढ्या तीन फेऱ्यांत "आजी, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत तुम्हाला?" हे एकदाही विचारलं गेलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, बीपीच्या गोळीचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मधे एक गोष्ट झाली ती मला आधी कळलीच नाही. आईंनी स्वतःचा चहाचा कप आणि ताट वेगळं ठेवायला सुरुवात केली होती. घासून बाजूला, खिडकीत. माझ्या मुलाला मांडीवर घेईनात. मी विचारलं तर "राहू दे गं, मला खोकला आहे, पोराला नको" एवढंच. दिवाळीनंतर एकदा रात्री त्या बोलल्या. त्यांची एक आत्या होती, टीबी झालेली, तिला मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या दवाखान्यात, ठेवलं होतं, आई तेव्हा लहान. घरी तिची भांडी वेगळी असायची, पोरांना लांबूनच दाखवायचे. तेव्हापासून खोकला म्हटलं की त्यांच्या मनात तेच. दीड महिना ती भीती त्या एकट्या वागवत होत्या आणि आम्ही आपले आल्याचा रस काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सिव्हिलला गेलो. हे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावं, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीची तपासणी करायचीच, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, औषधंही फुकट. सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त यातलं काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. आईंना कफच पडत नव्हता त्यामुळे नमुना द्यायलाच त्रास झाला, सकाळी उठल्या उठल्या कसाबसा दिला. एक्सरे साफ, थुंकी निगेटिव्ह. आणि तिथल्या सिस्टरने त्यांना नीट समजावलं की टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो, आणि असला तरी साधारण सहा महिने औषध नीट घेतलं की बरा होतो. घरी आल्यावर आईंनी खिडकीतला कप उचलून मांडणीत ठेवला. मी काही बोलले नाही, पण मला रडू आलं.

भीती गेली पण खोकला तिथेच.

अजून एक गोष्ट लिहू की नको असा विचार केला, पण लिहिते, कारण बायका हे बोलत नाहीत. आई दर संकष्टीला गणपती मंदिरात जातात, कितीही गर्दी असू दे. या वेळी दोन संकष्ट्यांना त्या गेल्याच नाहीत. पाय दुखतात म्हणाल्या. खरं कारण हे होतं की ढास लागली की लघवी निसटत होती, आणि देवळात तसं झालं तर काय, या धास्तीने त्या घराबाहेरच पडेनात. पुढे आम्ही मिरजेच्या ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी सांगितलं की जुन्या खोकल्यात बायकांना हे खूप होतं, पोटात वारंवार जोर येतो म्हणून. खोकला थांबला की बहुतेक कमी होतं, नाही झालं तर त्यालाही व्यायाम आणि उपचार आहेत. तुमच्या आईला, सासूला, मावशीला एकदा बाजूला घेऊन विचारा. आपण होऊन सांगणार नाहीत त्या.

तर मिरज. संक्रांतीनंतर आम्ही मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, खोकला कधीपासून? मी म्हणाले झाले दोन-तीन महिने. ते म्हणाले अंदाज नको, नक्की सांगा, कारण तीन आठवड्यांच्या आतला खोकला बहुतेक सर्दी-व्हायरलचा, तीन ते आठ आठवड्यांचा बऱ्याचदा त्याचीच शेपूट, आणि मोठ्या माणसात आठ आठवड्यांच्या वर गेला की कारण वेगळं शोधावं लागतं. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कामवाल्या ताईंची सुट्टी सगळं लिहिलेलं असतं. मी घरी फोन केला आणि मिस्टरांना म्हणाले पाठीमागची पानं काढा. दसऱ्याच्या चौकोनात माझ्याच अक्षरात "आई खोकला, सिरप आणणे". म्हणजे ऊस तोडणी सुरू व्हायच्या आधी! कारखान्याचा विषय तिथेच संपला. आणि त्याच्या मागच्या पानावर, गौरी जेवल्या त्या दिवशी, "आई बीपी गोळी बदलली".

डॉक्टर म्हणाले सगळ्या गोळ्यांचे फोटो मागवा व्हॉट्सॅपवर. रॅमिप्रिल. आधीच्या गोळीने आईंच्या पायावर सूज यायची म्हणून ती बदलून ही दिलेली. डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते, नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या ज्या बीपीच्या गोळ्या असतात, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, त्यांच्यामुळे शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि श्वासनळीतल्या नसा चाळवल्या जातात, म्हणून कोरडा, टोचणारा खोकला येतो. सगळ्यांना येत नाही, बायकांमध्ये जास्त दिसतो. गोळी सुरू केल्यावर लगेच येईल असंही नाही, आठवड्यांनी येतो, कधी महिन्यांनी, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही. गोळी वाईट नाही, हृदयाला आणि किडनीला चांगलीच आहे, फक्त आईंना सोसली नाही. आणि त्यांनी बजावलं की स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, बीपी चढला तर खोकल्यापेक्षा भयंकर होईल. त्यांनी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि म्हणाले एक ते चार आठवडे लागतील, क्वचित तीन महिनेही लागतात, तेवढा धीर धरा.

तिसऱ्या आठवड्यात दिवसाचा खोकला जवळजवळ गेला. रात्रीचा थोडा राहिला, आडवं झालं की. त्याचं कारण वेगळं निघालं, पित्त. छातीत जळजळ नसली तरी पोटातलं आम्ल वर येऊन घसा चाळवू शकतं. आईंची सिरियल साडेनऊला संपायची, मग जेवण, आणि लगेच झोप. आता आम्ही साडेसातला जेवतो, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात, आणि रात्रीचा चहा बंद, ज्याबद्दल त्या अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत. म्हणजे एकाच माणसाला दोन कारणं असू शकतात, एक गेलं आणि खोकला अर्धाच गेला तर निदान चुकलं असं समजायचं नाही.

मला हे सगळं कळल्यापासून आजूबाजूचे खोकले ऐकू यायला लागलेत. गावभागातली माझी मैत्रीण, २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हापासून तिच्या मागच्या भिंतीला ओल आणि काळी बुरशी आहे, तिला त्या खोलीत गेलं की शिंका, नाक चोंदतं आणि मग घशात मागून काहीतरी उतरत राहतं, खाकरत राहते बिचारी. ते नाकाचं आहे, घशाचं नाही, आणि असा नाकातून मागे उतरणारा स्राव हे जुन्या खोकल्याच्या सगळ्यात नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. ती घशाच्या गोळ्या चघळतेय. आणि ज्या घरात बिडी-सिगारेट आहे तिथे तर बाकीचं शोधायच्या आधी तीच. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांचंही फुफ्फुस तसंच खराब होतं, एकही बिडी न ओढता. माझ्या आजीला आम्ही "दम लागतो, वय झालं" म्हणून सोडून दिलं होतं, आज ते आठवलं की वाईट वाटतं.

लहान मुलांचं वेगळं, मुलांच्यात चार आठवड्यांनाच जुना खोकला धरतात, आणि अचानक खेळता-खेळता खोकला सुरू झाला तर शेंगदाणा नाहीतर चिंचोका श्वासनळीत गेला असेल, तेव्हा सरळ हॉस्पिटल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. आणि मोठ्यांचं सिरप मापात कमी करून मुलांना देऊ नका, कळकळीची विनंती आहे, मध्य प्रदेशात २०२५ ला दूषित सिरपने मुलं गेली ती बातमी आठवून अजून काटा येतो.

आता माझा दादा. तासगावकडे असतो, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. दर वर्षी सीझनला त्याला खोकला, पहाटे तीन-चारला उठून बसतो, हसला तरी खोकतो, पळाला तरी खोकतो, आणि सीझन संपला की आपोआप कमी. शेडवर बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तो वायू नाकात गेला की धडधाकट माणसाचाही घसा धरतो, दम्याच्या माणसाची श्वासनळी तर लगेच आवळते. मी फोनवर म्हणाले, दादा, तुला दमा असेल. तो म्हणाला, "दमा कसला, मला कुठं धाप लागत्या? नुसता खोकलाच हाय की." पण मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की असा दमा असतो ज्यात धाप नाही, छातीत शिट्टीसारखा आवाज नाही, नुसता खोकला, रात्री आणि पहाटे जास्त. मग म्हणाला पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते. नाही लागत रे. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, थेट श्वासनळीत जातं, तू जी मेडिकलमधून गोळी आणून खातोस तिच्यापेक्षा किती तरी कमी. फक्त नंतर चूळ भरायची.

वहिनीने साथ दिली म्हणून तयार झालाय. बुधवारी स्पायरोमेट्री आहे, फुंकर मारायची टेस्ट, आधी एकदा आणि औषध देऊन परत एकदा. मी सांगितलंय की धुरी द्यायच्या वेळी तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही, तेवढा वेळ शेडपासून लांबच थांब, गडी असतील त्यांनाही लांब ठेव. आणि वहिनीला सांगितलंय की आजपासून रोज रात्री किती वाजता उठतो ते कॅलेंडरवर लिही. तिने पहिल्या दिवशीचा फोटो पाठवलाय. दुधाच्या खाली, "हे ३.२० ला उठले, परत ४.४५".