क्रिवोशीनचे दोन टी-२६: काम कुठवर आलं

झुकोव्ह आणि कातुकोव्ह या सोव्हिएत सेनानींच्या नावाचे मॉडेल रणगाडे बहुतेकांच्या कपाटात असतात. मला सोव्हिएत रणगाडा दलाचा सेनानी सेम्यॉन क्रिवोशीन हवा होता, तोही १९४५ च्या बर्लिनचा नाही, त्याआधीचा. म्हणून १:३५ मापात टी-२६ या सोव्हिएत हलक्या रणगाड्याची दोन मॉडेलं घेतली: एक यादवी युद्धातलं स्पेन १९३६, दुसरं तेव्हाच्या पोलंडमधलं ब्रेस्ट १९३९. मधल्या तीन वर्षांत स्टालिनच्या धरपकडीत त्याच्या भोवतीची माणसं गायब झाली, रणगाडा मात्र तोच राहिला. जोडी करण्याचं कारण हेच.

गडी व्होरोनेझचा, ज्यू कुटुंबातला, जन्म १८९९. रशियाच्या यादवी युद्धात बुद्योन्नीच्या पहिल्या घोडदळ सेनेत होता, १९३१ मध्ये फ्रुंझे लष्करी अकादमीतून बाहेर पडला आणि घोड्यावरून चिलखतात आला. तेवढ्या काळासाठी मॉडेल करण्यासारखं काही नाही, पुढे जाऊ.

स्पेन. खालचा भाग तयार आहे. टी-२६ ची खरी कसोटी तिथेच लागते: एका बाजूला आठ जोडचाकं, वर चार परतीचे रोलर, आणि पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा. सुटी चाकं घासताना टी-२६ ज्यावरून घेतला त्या ब्रिटिश व्हिकर्सच्या सहा टनी आराखड्याला मनातल्या मनात बरंच ऐकवलं. टरेट (वरचा फिरता तोफबुरूज) १९३३ चं, दंडगोल, ४५ मिमी तोफेसह. त्याभोवती कठड्यासारखी अँटेना आहे. रेडिओवाला रणगाडा त्यावरून आपल्याला ओळखता येतो, तसा शत्रूलाही येत असे. किटमधला कठडा जाड वाटला, तो पितळी तारेचा केला.

१२ ऑक्टोबर १९३६ ला 'कोम्सोमोल' जहाजातून पन्नास टी-२६ कार्ताहेनाला उतरले. क्रिवोशीनने आर्चेनाला तळ उभारून स्पॅनिश चालक-तोफची शिकवायला घेतले. माद्रिदजवळच्या सेसेन्या गावची लढाई मी मुद्दाम टाळली, कारण २९ ऑक्टोबरची ती चढाई पॉल आर्मान या दुसऱ्या सोव्हिएत अधिकाऱ्याची होती. पंधरा रणगाडे गावात घुसून पार पुढे गेले, पायदळ मागेच राहिलं, आणि पेट्रोलच्या बाटल्या व तोफांनी तीन रणगाडे गमावले. आर्मानच्या तुकडीतल्या ओसाद्चीच्या टी-२६ ने इटालियन टँकेट (अगदी छोटा रणगाडा) ढकलून दिली, तीही याच दिवशी. माझा रणगाडा नोव्हेंबरमधला, माद्रिदच्या बचावाचा. तरी शेजारी पायदळाच्या फिगर ठेवणार नाही. त्या वेळचं मुख्य दुखणं तेच होतं.

१५ मिमी चिलखत ३७ मिमी तोफेपुढे टिकत नाही, हा धडाही स्पेनचाच. क्रिवोशीनची जागा घेणारा पावलोव्ह तिथून परतल्यावर चिलखती दलाचा प्रमुख झाला; त्याआधीचा प्रमुख बोकिस १९३७ मध्ये पकडला गेला आणि पुढच्या वर्षी गोळी घातली गेली. आर्मानला सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळाला होता, तरी १९३७ मध्ये तोही आत गेला. १९३९ मध्ये सुटला. पावलोव्हचा नंबर १९४१ मध्ये लागला. क्रिवोशीन या सगळ्यातून सुटून १९३८ मध्ये हसन सरोवरावर जपान्यांशी लढला. तिसरा रणगाडा त्यासाठी करावा का, हा मोह अजून आवरलाय.

ब्रेस्ट. २२ सप्टेंबर १९३९. २९ व्या हलक्या रणगाडा ब्रिगेडचा कमांडर म्हणून त्याने जर्मन जनरल गुडेरियनकडून शहर ताब्यात घेतलं. दोघे फ्रेंचमधून बोलले. गुडेरियनला दोन्ही सैन्यांची रीतसर परेड हवी होती. क्रिवोशीनने आठवणींत लिहिलंय की लांबच्या कूचेनंतर आपले लोक दमलेत, असं सांगून त्याने ती टाळली. जर्मनांनी बँडच्या सुरात निघून जावं आणि आपण आत यावं, असा तोडगा सुचवला. फोटोत व्यासपीठावर दोघे उभे आहेतच, त्यामुळे त्याच्या बाजूने किती वजन टाकायचं ते ज्याने त्याने ठरवावं. पण मला त्याचा बहाणा उपयोगी पडला: रणगाडा परेडचा चकचकीत नको, कूच करून आलेला हवा. ४बीओ या सोव्हिएत लष्करी हिरव्याचा बेस कोट झालाय, आता चाकांवर आणि फेंडरवर कोरड्या मातीचं पिगमेंट, टरेटवर अगदी थोडं. पावसाळी हवेत लॅकर पांढरट पडतो, म्हणून वार्निश थांबवलंय.

कमांडरची फिगर रंगवायची आहे. कॉलरवर एकच समभुज चौकोन, कोम्ब्रिगचा (ब्रिगेड कमांडरचा हुद्दा). आणि कॉलरपट्टीचं काळं मखमल चमकता कामा नये, म्हणून काळ्यात थोडा निळा मिसळून मॅट ठेवतोय. ट्रॅकच्या कड्या जोडून झाल्या की दुसऱ्याचं टरेट.