ताकदीचं औषध नको

लेकराला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आजार आहे हे कळालं की पंधरा दिवसांत घरात तेलाच्या बाटल्या जमायला लागतात. आमच्याकडंही जमल्या. मावशीनं महानारायण तेल आणलं, चुलत सासूबाईंनी कसल्याशा चरबीचं काहीतरी, शेजारून लेबल नसलेली पावडर आली. सगळ्यांच्या मनात एकच, पोराच्या पायात ताकद यावी. गोम नेमकी तिथंच आहे. म्हणून मी आता कुणी नवा उपाय सांगितला की आधी विचारते, ह्यानं काय होणार? उत्तर 'ताकद वाढंल' असं आलं की मी चहा करते आणि विषय बदलते.

डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन स्नायूच्या पेशीला आतून आधार देतं. आमच्या लेकराच्या शरीरात ते तयारच होत नाही. जिंतूर तालुक्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळं मला ते अस्तरासारखं समजलं. पातळ कापडाला अस्तर नसलं की ताण पडंल तिथं ते विरतं. जास्त मेहनत म्हणजे जास्त ताण, आणि फाटलेला स्नायू काही वर्षांनी भरून यायचा थांबतो. त्या जागी चरबी आणि चिवट धागे येतात. पोटऱ्या जाड दिसतात त्या त्यामुळंच.

ह्या पोटऱ्यांनी आमच्या घरात वेगळंच रामायण केलं. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, तरुणपणी जत्रांच्या फडात कुस्त्या खेळलेले. कान मोडलेले आहेत अजून. नातवाच्या पोटऱ्या बघून त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं, "पैलवानाचं बी हाय." मग पोरगं पळताना पडायला लागलं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उठायला लागलं, तेव्हा मामांनी रोज पहाटे बैठका सुरू केल्या. त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. पण ह्या आजारात बैठकीइतकं वाईट दुसरं नाही. खाली बसताना मांडीचा स्नायू एकीकडं ताणला जातो आणि त्याच वेळी अंगाचा भार पेलतो, आणि फाटतो तो तेव्हाच. डोंगर उतरणं, जिना उतरणं, उड्या मारणं, सगळं त्याच जातीतलं. दुसऱ्या दिवशी पाय दुखले किंवा लघवी तपकिरी झाली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हे मामांना समोर बसवून सांगितलं. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग आमी काय करावं?" मॅडमनी त्यांच्या हातात नातवाची टाच दिली.

ते काम आता त्यांचंच आहे. पोरगं उताणं, गुडघा सरळ. मामा एका हाताच्या तळव्यात टाच धरतात आणि कोपरापर्यंतचा हात तळपायाला चिकटवतात. मग पाऊल हळूहळू नडगीकडं झुकवायचं. झटका नाही, रेटा नाही. ताण लागला पण दुखलं नाही, तिथं थांबायचं आणि तीस मोजायचे. मामा मोठ्यानं मोजतात, पोरगं मधेच आकडा चुकवून त्यांना गडबडवतं. आठवड्यातून निदान चार ते सहा दिवस हे व्हायला पाहिजे, नाहीतर टाचेची शीर आखडते आणि पोर पंजांवर चालायला लागतं. नंतर टीव्ही बघताना अर्धा तास पालथं झोपायचं, म्हणजे कंबरेचा पुढचा भाग आखडत नाही. रात्री पायात स्प्लिंट, म्हणजे पाऊल आखडू नये म्हणून घालायचे साचे. प्लास्टिकचे असतात, आणि परभणीच्या उन्हाळ्यात त्यात पाय अक्षरशः शिजतात. मी जुन्या सुती साड्यांचे बिनशिवणीचे मोजे करते, शिवण आत आली की रात्रीत वळ उठतो.

तेल फेकून दिलं नाही. कोमट तीळतेल, हलका हात, ताणायच्या आधी दहा मिनिटं. त्यानं स्नायू वाढत नाही, पण पोरगं सैल होतं, झोप चांगली लागते, आणि मला तेवढं पुरेसं आहे. मात्र रगडणारे, पाठीवर पाय देणारे, सांधे 'बसवणारे' ह्यांना दारातूनच नमस्कार. ह्या आजारात रोज द्यायच्या स्टेरॉइडच्या गोळीमुळं हाडं पातळ होतात, आणि मांडीचं हाड मोडून पोर खाटेवर पडलं की पुन्हा चालंलच ह्याचा भरवसा नसतो.

पाण्याचं मात्र मी सगळ्यांना सांगते. कंबरभर पाण्यात अंगाचं वजन निम्म्याच्या आसपास येतं, मानेपर्यंत पाण्यात तर अगदी थोडं उरतं. मोठ्या शहरांत ह्यासाठी गरम पाण्याचे तलाव असतात म्हणे. आमच्याकडं शेतातला सिमेंटचा हौद आहे. मार्च सरता सरता चारच्या सुमाराला ते पाणी इतकं कोमट असतं की वेगळं तापवायचं कामच नाही. आमच्या उन्हाचा एवढा तरी फायदा. ह्यांच्या हाताला धरून पोरगं हौदात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतं, जमिनीवर जमत नाही तसं पाय उचलून. थकण्याच्या आधी बाहेर काढायचं, थकल्यावर नाही. शेततळ्यात चुकूनही उतरवू नका, प्लास्टिकवरून मोठी माणसंही घसरतात. आणि हिवाळ्यात हे बंद. विहिरीनं तळ गाठला की उन्हाळ्यातही बंद. हा उपाय मराठवाड्यात पावसाच्या मर्जीवरच चालतो.

श्वासासाठी आम्ही भजनाला जातो. हसू नका. श्वासाचे स्नायूसुद्धा स्नायूच, पुढं तेही थकतात. सावकाश दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं तर पोरगं दोन मिनिटांत कंटाळतं. मंदिरात टाळ घेऊन बसवलं की तासभर लांबलचक ओळी एका दमात ओढायचा प्रयत्न करतं. कपालभातीसारखे हिसके मी ठेवले नाहीत. वर्षातून एकदा फुंकायची तपासणी आणि हृदयाचा इको होतोच. त्याच्या जागी भजन नाही, त्याच्या जोडीला भजन.

आता जे केलं नाही ते. आजार कळायच्या आधी रक्ततपासणीत पोराचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरसाठी बघतात तो आकडा, वाढलेलं आलं होतं, आणि नातेवाइकांनी कावीळ ठरवून झाडपाला द्यायचा घाट घातला होता. हे बऱ्याच घरांत होतं. एसजीपीटी फाटलेल्या स्नायूतूनही रक्तात येतं. सीपीके, म्हणजे स्नायू फाटल्यावर रक्तात वाढणारा घटक, तपासलं तर खरं कळतं. आमचं 14,000 आलं, निरोगी पोरांचं दोनशेच्या आसपास असतं. लिव्हरचा संबंधच नव्हता. बिनलेबलच्या भस्मात शिसं, पारा निघू शकतो, आणि 'ताकदीच्या' पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. आपण आधीच स्टेरॉइड देतोय, त्यावर किती गेलं ते कळणारच नाही.

त्याहून धोक्याचं म्हणजे पथ्य. एका महाराजांनी अट घातली, चाळीस दिवस इंग्रजी औषध बंद. प्रेडनिसोलोन असो की डेफ्लाझाकॉर्ट, रोज घेणाऱ्या पोराचं शरीर स्वतःचं स्टेरॉइड करायचं जवळपास थांबवतं. अचानक बंद केलं तर उलट्या, रक्तदाब घसरणं, जिवावर बेतू शकतं. ह्याच गोळीनं चालणं काही वर्षं लांबतं. चेहरा सुजतो, भूक खवळते, उंची खुंटते, हे सगळं मी रोज बघते, तरी गोळी चुकवत नाही. भाकरी, दही, अंडं पोटभर. मीठ, फरसाण, पापड कमी.

आणि स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचायचा उपचार. भावकीतल्या एकांनी रंगीत पत्रक आणलं, आकडा लाखांत. आमच्याकडं लाखांचा आकडा म्हणजे जमिनीचा तुकडा. आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्टेम सेल हा मान्य उपचार फक्त काही रक्ताच्या वगैरे आजारांसाठी आहे, बाकी सगळं संशोधन. आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मी एवढंच विचारलं, संशोधन असंल तर पैसे कशाचे? पत्रक परत आलं नाही.

औंढ्याला नवस बोललाय, फेडायचाय. त्याला माझी ना नाही, गोळ्यांची पिशवी सोबत असली म्हणजे झालं. अनवाणी चालत न्यायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, गाडीनं जायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय एक कागद आहे, आणि तो कुणी सांगत नाही. दात काढायचा असो की हात मोडलेला असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार माहीत पाहिजे, कारण सक्सिनिलकोलीन हे भुलीत स्नायू सैल करायला देतात ते औषध आणि हुंगायच्या काही भुली ह्या पोरांना घातक ठरू शकतात. मी आजाराचं नाव, चालू स्टेरॉइड आणि त्याचा डोस, आणि ही नको असलेली औषधं लिहून कार्ड लॅमिनेट केलं, दप्तराच्या आतल्या कप्प्यात टाकून कप्प्याला बटण शिवलं. दुसरं ह्यांच्या पाकिटात असतं. डोस बदलला की कार्डही बदला.